बसायचा कोर्स

माझी वहिनी बसत नाही. गुडघे ठणठणीत आहेत, पाठ ताठ आहे, पण खुर्चीत टेकली की आपण कुणाचं तरी काहीतरी चोरतोय असं तिला वाटत असावं. अर्धं जेवण ओट्याशी उभ्याने, चहा खिडकीपाशी. फोनवर बोलताना तर ती या खोलीतून त्या खोलीत अशी फिरते की पलीकडच्या माणसालाही दम लागत असेल. लग्न होऊन ती आमच्या घरात आली तेव्हा मी शाळकरी होते. पहिल्याच आठवड्यात मी तिचं नाव भिंगरी ठेवलं, आणि माझ्या दादाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, ते उचलून धरलं. आता तिच्या वर्गातली मुलंही तिच्यामागे भिंगरीबाई म्हणतात. ते नाव शाळेत कुणी पोचवलं हे मी सांगणार नाही, पण वहिनी ज्या शाळेत शिकवते त्याच शाळेच्या ऑफिसात मी कारकून आहे.

शिक्षिका म्हणून ती नावाजलेली. वर्गात शिरली की रांगांमधून तिची फेरी सुरू. जाता जाता याच्या डोक्यावर हात, तिच्या वहीवर बोट, फळ्यावर लिहिलेलं पुसून पुन्हा मोठ्या अक्षरात. दर आठवड्याला ती बाकं हलवते. सगळ्यांना सगळ्यांची ओळख व्हायला हवी म्हणते. भिंतीवरची चित्रंही एका जागी टिकत नाहीत. शाळेत पाहुणे आले की आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणतो, त्या पाहुण्यांना आधी वहिनीच्या वर्गात नेतात. ‘वर्ग कसा जिवंत आहे बघा,’ असं म्हणतात.

या जिवंत वर्गात यंदा मुंगी आली. हे नाव तिच्या आईने लाडाने ठेवलेलं. कारण पोर कुठेही गेली तरी भिंतीला हात लावून, भिंतीच्या कडेकडेने चालते. मधला रस्ता मोकळा असला तरी नाही. डॉक्टरांनी स्वमग्न असं लिहून दिलं होतं. बोलते थोडं, तेही स्वतःशी. कुणी अंगाला हात लावला की चटका बसल्यासारखी आक्रसते. आकडे मात्र तिला भराभर येतात, आणि कुठली वस्तू काल कुठे होती हे ती विसरत नाही. तिची आई शाळेच्याच रस्त्याच्या टोकाला लाँड्रीत काम करते. दिवसभर वाफेच्या इस्त्रीखाली चादरी. शाळा जवळ म्हणूनच तिला ती नोकरी करता येते.

वर्ष अर्धं सरल्यावर मोठ्या बाईंनी वहिनीला ऑफिसात बोलावलं. वहिनी नेहमीसारखी दारात उभी राहिली. मी बाजूच्या टेबलाशी.

“अशा मुलांना शिकवायचं प्रशिक्षण घेतलेलं शाळेत कुणीतरी पाहिजे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “वरून विचारणा झालीय. एकीला पाठवायची परवानगी आहे, एकदाच. कोर्स तुम्ही निवडा. पण महिनाअखेर मला कोर्सचं नाव वर कळवायचंय. नाही झालं तर मुंगीला दुसऱ्या शाळेत पाठवावं लागेल.”

दुसरी शाळा म्हणजे शहराच्या पार पलीकडे, दोन बस बदलून. म्हणजे मुंगीच्या आईची नोकरी गेलीच. हे मोठ्या बाईंनाही माहीत होतं. त्या काही दुष्ट नाहीत. त्यांना आपल्या खुर्चीखाली सतत काहीतरी पेटलंय असं वाटतं, इतकंच.

“निवडते,” म्हणून वहिनी गेलीसुद्धा.

निवडते म्हणणं सोपं होतं. माझी वहिनी एकटीने काही ठरवत नाही आणि दुसऱ्याने ठरवलेलं ऐकत नाही. त्यामुळे प्रत्येक कोर्स बघायला मला बरोबर जावं लागलं.

पहिला कोर्स एका मोठ्या संस्थेचा होता, चकचकीत इमारतीतल्या हॉलमध्ये. तीन दिवसांत प्रमाणपत्र. दारातच एक कापडी पिशवी हातात दिली. तिच्यात चित्रांची कार्डं, रंगीत तक्ते, एक शिट्टीसुद्धा. बोलणारे गृहस्थ छान बोलत होते, मध्येमध्ये विनोद करत होते. पण शेवटपर्यंत त्यांनी एकाही मुलाची गोष्ट सांगितली नाही. वहिनी बाहेर पडली ती पिशवी छातीशी धरून.

“बघ, किती सामान दिलं,” ती म्हणाली.

“भांडीवाल्याकडेही सामान असतं,” मी म्हणाले.

दुसरा मोबाइलवरचा. घरी बसून करायचा, म्हणजे तिच्या बाबतीत घरी फिरून. पहिले काही धडे फुकट होते. ती भांडी घासताना, पायऱ्या चढताना, भाजी निवडताना ते ऐकायची. एक गोड आवाज सांगायचा की घंटा वाजवा, मग काम द्या, मग चांदणी द्या. मुलाचं तोंड न बघता मुलाला शिकवायचं, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. मी तसं बोललेही. वहिनी म्हणाली, “तुला सगळ्यातच खोड दिसते, धाकटे.” ते खरं आहे, पण म्हणून खोड नसते असं नाही.

तिसरा एका फर्निचरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. तो चालवणाऱ्या बाई पूर्वी शाळेतच शिकवायच्या. वाक्य संपलं तरी अजून येतंय की काय असं वाटावं इतकं हळू बोलायच्या. घरी येईपर्यंत मी त्यांचं नाव संथबाई ठेवलं होतं. कोर्स वर्षभराचा. त्यांनी पिशवी दिली नाही, कार्डं दिली नाहीत, पाणी तेवढं दिलं.

“सुरुवातीला काय शिकवता?” वहिनीने उभ्यानेच विचारलं.

“बसायला,” संथबाई म्हणाल्या. “आपल्याच वर्गात. एका जागी बसून बघायचं.”

“आणि मग?”

“मग तुम्हीच मला सांगाल. पण नाव घालण्याआधी मी तुमच्या वर्गात येऊन बसते एकदा. तसा माझा नियम आहे.”

जिन्यावरून उतरताना वहिनी फुत्कारत होती. “वर्षभर? नुसतं बसायला? एवढी वर्षं मी काय केलं मग?” जिना संपला तरी तिचं बोलणं संपलं नव्हतं.

यानंतर तिने जे केलं ते फक्त तिनेच करावं. निवडण्याआधी चव घेऊन बघू म्हणून तिने सगळंच एकदम सुरू केलं. आधी घरावर. एका संध्याकाळी दादा घरी आला तर न्हाणीच्या दारावर दात घासणाऱ्या मुलाचं कार्ड, फ्रिजवर दुधाच्या पेल्याचं, आणि दादाच्या खुर्चीवर ‘आता काम’ असं. दादा ते वाचून सरळ पलंगावर जाऊन आडवा झाला. “हिला आधी कुणीतरी ‘आता बस’ असं कार्ड द्या,” तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

मग वर्गावर. एक दिवस मुंगीच्या बाकावर कार्डं. दुसऱ्या दिवशी कार्डं गायब आणि घंटा. नंतर चांदण्या. मग मुंगीचं बाक खिडकीपाशी, मग दारापाशी, मग पुढे. शेवटी कोपऱ्यात एक आडोसा, आमच्या बैठकीच्या खोलीतला पडदा नेऊन केलेला. मन लावून करत होती ती, नाही कसं म्हणू? हातांना उसंत नव्हती. पण एक ना धड भाराभर चिंध्या.

मुंगी त्या दिवसांत माझ्याकडे येऊ लागली. वर्गातून निघून, व्हरांड्याच्या भिंतीला हात लावत ती ऑफिसात यायची आणि कॉपी मशीनपाशी उभी राहायची. मी प्रती काढत असले की त्या उजेडाची पट्टी एकीकडून दुसरीकडे जाताना बघायची, पुन्हा पुन्हा. मला वाटायचं, मशीन गरम असतं, बरं वाटत असेल. मी तिला हाकललं नाही, एवढंच माझं श्रेय.

पडदा लावला त्या दिवशी मात्र ती ऑफिसापर्यंत पोचली नाही. सकाळी वर्गात आली, भिंतीला हात लावून नेहमीच्या वाटेने निघाली आणि हात पडद्याला लागला. भिंत होती तिथे भिंत नाही. ती किंचाळली. तो आवाज ऐकून मी हातातलं टाकून धावले. ती बाकाखाली शिरली होती आणि स्वतःच्या मनगटाला चावत होती. वहिनी खाली वाकून “अगं, अगं बाळा” म्हणत हात पुढे करत होती, आणि हात जितका पुढे जाई तितकी पोर मागे सरके. बाकीची मुलं उभी राहून बघत होती. एकही हसलं नाही.

मुंगीच्या आईला लाँड्रीतून बोलावलं. ती आली तेव्हा तिचे हात वाफेने लाल झालेले होते. ती बाकाजवळ जमिनीवर बसून राहिली. बऱ्याच वेळाने मुंगी बाहेर आली. मला वाटलं, आता ही आई वहिनीला चार शब्द ऐकवणार. वहिनीनेही मान खाली घातली होती. पण आईने फक्त विचारलं, “बाई, उद्या ती कुठे बसेल? म्हणजे मी घरी तिला सांगून ठेवते.”

उद्या मुंगी कुठे बसेल हे वहिनीला माहीत नव्हतं. तिने ठरवलंच नव्हतं.

“सांगते,” ती म्हणाली. ते सांगणं काही झालं नाही.

संथबाई यायच्या होत्या तो दिवस नेमका त्यानंतरचाच. वहिनी त्यांना नको म्हणून कळवणार होती, पण हरल्यासारखं दिसेल म्हणून तिने कळवलं नाही. पडदा काढला होता. संथबाई मागच्या बाकावर बसल्या, हात मांडीवर. वहिनीने असा काही तास घेतला की पाहुण्यांनी टाळ्याच वाजवाव्यात. मुंगी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

तास संपल्यावर आम्ही तिघी व्हरांड्यात उभ्या होतो. वहिनी घाम पुसत म्हणाली, “बघितलंत ना तिला? एकदाही माझ्याकडे बघत नाही. हीच तर अडचण आहे.”

“मी तिला फारसं पाहिलं नाही,” संथबाई म्हणाल्या. “तुम्हाला पाहत होते.”

“मला?”

“ती तुमच्याकडे बघायचा प्रयत्न करते, बाई. पुष्कळदा करते. पण ती मान वळवेपर्यंत तुम्ही तिथे नसता. भिंत असते.”

त्या एवढंच बोलल्या आणि आपल्या चालीने फाटकाकडे गेल्या. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती मला दिसली. घरी येईपर्यंत ती माझ्यापुढे अर्धा रस्ता होती.

“काय मेलं बोलणं,” ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत. “मुलगी बघायला बोलावलं आणि ही मला बघते. मला शिकवायला आली. त्या हॉलवाल्यांचाच कोर्स करते मी. तीन दिवस, हातात प्रमाणपत्र, मुंगीची जागा पक्की. विषय संपला.”

“तेच बरं,” दादा म्हणाला. “प्रमाणपत्र घे आणि मोकळी हो.”

मीही हो म्हणाले. खरंच तसं वाटत होतं. संथबाईंचं प्रमाणपत्र वर्षाने मिळणार, आणि मोठ्या बाईंना ते लगेच दाखवायला हवं होतं. मुलगी शाळेत राहिली तर पुढे काही करता येईल. मुलगीच गेली तर वर्षभर बसून कुणाला बघायचं?

वहिनी मध्येच थांबली. “आणि त्या बाईला मी बसून दाखवते. काही होत नाही हे दाखवून देते. उद्याच.”

माझ्या वहिनीचा राग असा आहे. तो तिला नको त्या ठिकाणी नेतो आणि कधीकधी नेमक्या ठिकाणीही.

तिच्या वर्गातल्या खुर्चीवर कायम वह्यांचे गठ्ठे असायचे. ते तिने खाली ठेवले आणि फळ्याजवळ, मुंगीच्या भिंतीच्या बाजूला, खुर्ची मांडून बसली. “आजपासून मी इथेच असणार. काही लागलं तर इथे या,” असं मुलांना सांगितलं. बाकं हलवायची नाहीत, चित्रं हलवायची नाहीत. पहिल्या दिवशी वर्गात इतका गोंधळ झाला की वर्गात बाई आहेत की नाहीत ते बघायला मोठ्या बाईंनी मला पाठवलं. बाई होत्या. खुर्चीच्या दोन्ही कडा धरून, वादळातल्या होडीत बसल्यासारख्या.

“झालं काही?” संध्याकाळी मी विचारलं.

“काय व्हायचंय? पाठ दुखली.” तिच्या स्वरात विजय होता, पण चेहरा उतरला होता. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली. एका दिवसाने काही सिद्ध होत नाही म्हणाली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही बसली. मुलांना सवय होत गेली. मुलं खुर्चीपाशी येऊन वही दाखवायची आणि परत जायची. वहिनीला मात्र सवय होईना. वरचं अंग स्थिर असायचं आणि एक पाय टाचेवर सारखा थडथडत राहायचा. सगळी भिंगरी त्या गुडघ्यात जाऊन बसली होती.

आठवडा सरत आला तेव्हा मी एक परिपत्रक घेऊन तिच्या वर्गात गेले. मुलं गणितं सोडवत होती. मुंगी जागेवर नव्हती. बघते तर ती भिंतीला हात लावून पुढे येत होती. फळ्यापाशी तिची वाट संपली. तिथून खुर्चीपर्यंत मोकळी जमीन होती. ती बराच वेळ तिथे उभी राहिली. मग हात भिंतीवरून काढला, चालत खुर्चीपाशी आली आणि वहिनीच्या थडथडणाऱ्या गुडघ्यावर तळवा ठेवून तो खाली दाबला. पेटीचं झाकण नीट बसत नसलं की आपण दाबतो तसा.

गुडघा थांबला. मुंगीने हात काढला नाही. तिने मान वर केली आणि वहिनीच्या तोंडाकडे बघितलं, अगदी जवळून, सावकाश, एखादी पाटी वाचावी तसं.

वहिनीने डोळ्यांनीच मला सांगितलं की बोलू नकोस. मी परिपत्रक हातात घेऊन दारात उभी राहिले. या बाईला मी इतकी वर्षं चिडवत आले, पण ती इतकी सुंदर दिसते हे मी कधी बघितलं नव्हतं.

महिनाअखेरीला शाळा सुटल्यावर ती ऑफिसात आली. मोठ्या बाई पर्स आवरत होत्या. “नाव सांगा, लवकर,” त्या म्हणाल्या. “तीन दिवसांचाच ना?”

“नाही. वर्षाचा.”

“प्रमाणपत्र कधी?”

“वर्षाने.”

मोठ्या बाईंनी पर्स बंद केली. “मग मला उपयोग नाही. मला आत्ता दाखवायला काहीतरी पाहिजे. तीन दिवसांचं घ्या, मुलीची जागा राहील. उद्या विचार करून सांगा.”

वहिनी आत आली, त्यांच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसली. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत तिला मी पहिल्यांदा बघितलं. मोठ्या बाईंनीही पहिल्यांदाच बघितलं असणार, कारण त्या जरा दचकल्या.

“तीन दिवसांचं घेतलं तर जागा राहील,” वहिनी म्हणाली, “आणि मुलगी कॉपी मशीनपाशी राहील. एकदाच पाठवणार म्हणालात. मग जिथे पाठवायला हवं तिथेच पाठवा.”

“अहो, मला घरी जायचंय.”

“जा ना. मी बसलेय.”

मोठ्या बाई उठल्या, किल्ल्या घेतल्या, खिडकी लावली, पुन्हा उघडली. दोनदा घड्याळ बघितलं. वहिनी हलली नाही. आता या चिडल्या तर मुंगीही गेली आणि वहिनीची नोकरीही, असं मनात येत होतं. व्हरांड्यातले दिवे मालवले गेले.

“त्या मुलीत काही फरक आहे का?” मोठ्या बाईंनी शेवटी उभ्यानेच विचारलं.

“उद्या येऊन मागे बसा. बोलू नका. मग मला सांगा.”

मोठ्या बाई खुर्चीत परत बसल्या. टेबलावर बोटं वाजवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “‘प्रशिक्षण सुरू आहे, कालावधी एक वर्ष,’ असं पत्र टाइप करा. एक वर्ष. पुढचं मी काही बोलत नाही. आणि उद्या मागे खुर्ची ठेवा.”

मी पत्र टाइप करून सहीसाठी टेबलाच्या त्या बाजूला गेले तेव्हा मला खालचं दिसलं. वहिनीचा चेहरा दगडासारखा होता आणि टेबलाखाली तिने आपल्याच गुडघ्यावर तळवा दाबून धरला होता. घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत. मुंगीने धरला होता तसाच. मी कागद ठेवला आणि प्रिंटर बंद करायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

फाटकात मुंगीची आई मुंगीला घेऊन थांबली होती. आज ठरणार हे तिला माहीत होतं. तिने जागेबद्दल, कोर्सबद्दल काहीच विचारलं नाही. पूर्वीचाच प्रश्न विचारला.

“बाई, उद्या कुठे बसेल?”

“तिथेच,” वहिनी म्हणाली. “परवाही तिथेच. पुढच्या वर्षीसुद्धा. आणि मी खुर्चीत.”

आई खाली वाकून मुंगीला म्हणाली, “उद्या तिथेच.” मुंगीने शाळेच्या भिंतीला हात लावला आणि दोघी निघाल्या. त्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत वहिनी एका जागी उभी होती. मला घरी जायची घाई होती, पण मीही थांबले.